पुतळा पुन्हा पुन्हा हलतोय? नट आवळण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. "अण्णा, गेल्या वर्षी नट आवळले होते की वो, यंदा परत हलायलंय." गाव बेळगाव भागातलं, कधी खानापूरकडचं, कधी निपाणी-चिक्कोडीकडचं. पुतळा कधी शिवरायांचा, कधी बसवेश्वरांचा, कधी शाळेच्या आवारातला संस्थापकांचा अर्धपुतळा. मृगाआधी घट्ट असतो, दिवाळीपर्यंत सैल होतो. मग कुणीतरी लांब दांड्याचा पाना आणतो, त्याला पाइप जोडून नट आणखी अर्धा फेरा फिरवतो आणि विषय वर्षभरासाठी मिटतो.

ओतीव पुतळा हलायला लागला की दोष नटात जवळजवळ कधीच नसतो. हिशेबच मांडू. सात फुटी उभा ब्राँझचा पुतळा, आतून पोकळ, भिंतीची जाडी ५-६ मिलिमीटर. वजन ३५० किलोच्या घरात धरा. वारा सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटरने आला असं समजू. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की दर चौरस मीटरवर ९०० न्यूटनच्या आसपास दाब निघतो. शेला-अंगरख्यासकट सव्वा चौरस मीटर अंग वाऱ्यापुढं असेल, तर आकाराचा गुणक धरून छातीच्या खाली साधारण १३५ किलोचा रेटा बसतो. पुतळ्याचं स्वतःचं वजन त्यातला थोडाच भाग पेलतं, कारण पाऊल रुंद नसतं. बाकीची ओढ मागच्या दोन बोल्टांवर येते, ती मिळून सुमारे ३०० किलो. आता १२ मिलिमीटरचा चांगला स्टेनलेसचा एक बोल्ट तुटायला सहा टनांच्या आसपास ओढ लागते. म्हणजे बोल्ट तुटायचा प्रश्नच नाही. बोल्ट ज्यात धरलाय ते सुटतं, आणि ते सुटायला बहुतेक वेळा पाणी कारण असतं. ते जोवर सापडत नाही तोवर पाना पेटीतच राहू द्या.

आधी कुठला सांधा हलतो ते शोधा

पुतळा हलतो असं म्हणतो खरं, पण हलण्याच्या जागा चार असतात. पुतळ्याचं पाऊल आणि त्याखालची प्लेट, प्लेट आणि ग्रॅनाइट, ग्रॅनाइट आणि आतलं काँक्रीट, आणि शेवटी सगळा चौथरा व जमीन. लांबून चारही सारखेच दिसतात, उपाय मात्र चार वेगळे.

एकानं शिडीवर चढून पुतळ्याच्या खांद्याला तळहात लावून हलका रेटा द्यायचा. तलवार, भाला, उंचावलेला हात किंवा लगाम धरून हलवायचं नाही. ते भाग वेगळे ओतून जोडलेले असतात आणि नवीनच तक्रार सुरू होते. दुसऱ्यानं खाली बसून सांध्यावर बोट आडवं ठेवायचं, अर्धं वरच्या भागावर, अर्धं खालच्या भागावर. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. तरी खात्री होत नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही मशीन शॉपमध्ये चुंबकी स्टँडवरचा डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन असतं, तासाभरासाठी मागून आणा. ब्राँझला किंवा दगडाला चुंबक चिकटत नाही, तेव्हा स्टँडसाठी लोखंडी प्लेटचा जड तुकडाही सोबत आणायचा.

मग मगभर पाणी सांध्याभोवती ओता आणि पुन्हा रेटा द्या. प्लेटखालून पाणी आत-बाहेर करू लागलं, बुडबुडे आले, तर खाली पोकळी आहे हे नक्की. ग्रॅनाइटच्या फरशीवर लाकडी हातोडीनं ठोकत फिरा. भरीव ठिकाणी आवाज दबका येतो, पोकळ ठिकाणी मोकळा वाजतो. जिथं मोकळा वाजेल तिथं खडूनं गोल करा.

चौथराच कलत असेल तर गोष्ट वेगळी. अथणीकडच्या काळ्या जमिनीत हे जास्त दिसतं. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. पुतळ्याच्या मागून ओळंबा सोडून एकदा वैशाखात आणि एकदा भाद्रपदात माप घ्या. माप बदलत असेल तर पुतळ्याला हात न लावता पायाच्या कामासाठी इंजिनिअर गाठा. खानापूरच्या तांबड्या मातीत आणि जांभ्यात हा त्रास सहसा नसतो. तिथं पाऊस बेदम, म्हणून गंजाचा त्रास मोठा.

तांबूस ओघळ दिसला तर

ब्राँझवरून हिरवट ओघळ दगडावर उतरणं हा धातूचा स्वभाव आहे, त्यानं काही ढिलं होत नाही. पावलाखालून विटकरी-तांबूस ओघळ येत असेल तर मात्र आत साधं लोखंड आहे. कुणीतरी माइल्ड स्टीलचा बोल्ट किंवा सळईचा तुकडा वापरलाय. ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये पाणी असलं की लोखंड एरवीपेक्षा कितीतरी भराभर गंजतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतं. ते भोकातून दगडाला आतून रेटतं आणि ग्रॅनाइटच्या कोपऱ्याला तडा जातो. तडा गेला की पाणी अजून आत जातं. अशा बोल्टाचा नट आवळला की वरवर घट्ट लागतो, कारण गंजच पाचरीसारखा बसलेला असतो. पुढच्या पावसात तो गंज पापुद्र्यानं सुटतो आणि पुतळा पुन्हा डुलायला लागतो.

यावर बोल्ट बदलण्याशिवाय उपाय नाही. रंग मारून, ग्रीस थापून काही होत नाही.

स्टेनलेस घेताना डोळे उघडे ठेवा. दुकानात 'स्टेनलेस' म्हणून रेलिंगच्या कामाचा २०२ ग्रेडही मिळतो आणि आपल्या पावसात तो दोन-तीन वर्षांत डाग सोडू लागतो. लोहचुंबक लावून बघणारे पुष्कळ, पण चुंबक २०२ ला चिकटत नाही आणि ३०४ लाही चिकटत नाही, म्हणून त्या परीक्षेचा इथं उपयोग नाही. बोल्टाच्या डोक्यावर काय कोरलंय ते वाचा. 'ए२-७०' म्हणजे ३०४ च्या घरातला, 'ए४-७०' म्हणजे ३१६ च्या घरातला. आपण समुद्रापासून आत आहोत, ए२ पुरतो. कणकुंबी-जांबोटीच्या, बेदम पावसाच्या बाजूचं काम असेल तर मी ए४ घेतो, पुतळ्याच्या किमतीपुढं तो फरक काहीच नाही. अखंड आट्याचा रॉड घेतला तर त्यावर शिक्का असेलच असं नाही. तेव्हा भंगारवाल्याकडं ग्रेड ओळखायच्या थेंबांची बाटली असते, एक थेंब टाकून घ्या.

स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट जोरात फिरवला की आटे एकमेकांत रुतून जाम होतात. मग ना पुढं जातो ना मागं येतो, शेवटी ग्राइंडरनं कापावा लागतो. इम्पॅक्ट गन वापरू नका. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा, हातानं सावकाश घ्या.

पावलातच आटे मारलेले असतील

अर्धपुतळ्यांत आणि छोट्या कामांत हा घोटाळा फार. ओतारी पोकळ पुतळा देतो, बसवणारा त्याच्या तळाच्या पातळ भिंतीलाच भोक पाडून टॅप मारतो, म्हणजे आटे पाडतो. १२ मिलिमीटर बोल्टाच्या आट्याचं अंतर १.७५ मिलिमीटर असतं, म्हणजे ५ मिलिमीटरच्या भिंतीत तीनही आटे धड बसत नाहीत. ते दर वाऱ्याला थोडे थोडे झिजतात आणि एक दिवस बोल्ट नुसता गरगर फिरतो. ब्राँझमध्ये बोल्टाच्या जाडीच्या दीडपट तरी खोल आटे हवेत. १२ च्या बोल्टाला १८ मिलिमीटर. त्यासाठी आतून सिलिकॉन ब्राँझचा जाड गोळा टिग वेल्डिंगनं जोडून घ्यायचा आणि आटे त्यात पाडायचे. पुतळा खाली काढलाच आहे तर हे करूनच घ्या, नाहीतर पुन्हा क्रेन आणावी लागेल.

काढल्यावर आत डोकावून बघाही. कधी ओतकामाची माती तशीच राहिलेली असते, कधी लोखंडी खिळे. ती माती ओल धरते आणि बारा महिने आतून पाणी झिरपत राहतं. खरवडून साफ करा. तळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ६-८ मिलिमीटरचं भोक ठेवा, आत साचलेलं पाणी जायला वाट हवी. हे भोक चौथऱ्याच्या बाजूला उघडं पडलं पाहिजे, ग्राउटनं (प्लेटखाली ओतायच्या सिमेंटच्या पातळ मालानं) बुजलं तर असून नसल्यासारखं.

ग्रॅनाइट दिसतो, भार घेत नाही

माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इथं आहे. चौथरा बांधताना गवंडी आधी काँक्रीट करतो, मग १८-२० मिलिमीटरचा ग्रॅनाइट, बरेचदा इलकलचा लालसर, सिमेंटच्या लगद्यावर बसवतो, पॉलिश होतं, मंडळाला तो आवडतो. पुतळा येतो तेव्हा प्लेट थेट त्या फरशीवर ठेवतात, फरशीला भोकं पाडतात, बोल्ट घालतात. सगळा भार आणि सगळी ओढ आता त्या पातळ फरशीवर आणि तिच्याखालच्या पोकळ-भरीव लगद्यावर. लगदा दाबला जातो, फरशी किंचित बसते, बोल्टाचा ताण जातो. नट आवळला की फरशी अजून बसते. शेवटी तडकते.

प्लेटच्या मापाएवढी फरशी कटरनं कापून काढायची, खालचं काँक्रीट टाचून खरबरीत करायचं आणि प्लेट काँक्रीटवर ग्राउटनं बसवायची. ग्रॅनाइट नंतर प्लेटच्या भोवती, मध्ये ५-६ मिलिमीटरची फट ठेवून. बाहेरून काहीच फरक दिसत नाही. मंडळाचे लोक म्हणतात, "एवढा भारी दगड कापायचा?" कापायचा.

कापल्यावर कधी कधी खाली काँक्रीटच निघत नाही. बाहेरून चार इंची विटांची भिंत, आत मुरूम, वर दोन इंचाचा कोबा. असल्या चौथऱ्यात कुठलाही अँकर (आत रुतवून धरलेला बोल्ट) टिकत नाही, मग तो कितीही महागाचा असो. वर ८-१० इंच जाडीची, दोन्ही थरांत सळई घातलेली नवी टोपी ओतावी लागते, आणि मोठ्या पुतळ्याला पायापासून कॉलम वर आणावा लागतो. हे काम अंदाजानं करायचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या.

प्लेटखालची पोकळी

लेव्हल आणायला प्लेटखाली कपच्या, कौलाचे तुकडे, लाकडी पाचरी घालून वरून सिमेंट-वाळू थापलेली मी बरीच बघितली आहे. साधा माल सुकताना आकसतो, प्लेटच्या पोटाला चिकटतच नाही. लाकूड ओलं-सुकं होत कुजतं. मग प्लेट चार कपच्यांवर उभी राहते आणि पाणी मध्ये खेळतं.

लेव्हलसाठी बोल्टावर प्लेटच्या खाली एक-एक नट घ्या. ते फिरवून पाणसळ लावा. खाली २५ ते ५० मिलिमीटर जागा राहील अशी उंची धरा आणि न आकसणारं तयार ग्राउट पातळ करून ओता. पाण्याचं प्रमाण गोणीवर छापलेलं असतं, तेवढंच. मिस्त्रीच्या हाताला पातळ आवडतं म्हणून जास्त नाही. ओतायचं एकाच बाजूनं, दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत. चारी बाजूंनी ओतलं की मध्ये हवा कोंडते आणि पोकळी तशीच राहते. प्लेट मोठी असेल तर मधोमध हवेसाठी एक-दोन भोकं हवीत. काँक्रीट आदल्या दिवशी भिजवून ठेवा, पण ओतताना वर पाणी उभं नको. नंतर ओली पोती किमान तीन दिवस. ग्राउट पक्कं झाल्यावर खालचे नट थोडे सैल सोडून मग वरचे आवळायचे. म्हणजे प्लेट ग्राउटवर दाबून बसते, नटांवर लटकत नाही. बहुतेक ठिकाणी हे शेवटचं राहून जातं.

रसायनानं बसवलेला बोल्ट उपटून आला तर

उपटलेल्या रॉडकडं नीट बघा. त्यावर चिकटलेला थर गुळगुळीत आणि धुळीनं पांढुरका असेल तर भोक साफ केलं नव्हतं. रसायन धुळीला चिकटलं, काँक्रीटला नाही. थर मऊ, नखानं खरवडता येणारा असेल तर दोन भाग नीट मिसळले नव्हते. कार्ट्रिजमधून, म्हणजे रसायनाच्या नळकांड्यातून सुरुवातीला येणारा माल रंग एकसारखा होईपर्यंत बाहेर टाकायचा असतो. तो महाग म्हणून कुणी टाकत नाही.

नव्यानं करताना १२ च्या रॉडला १४ मिलिमीटरचं भोक, ११० खोल. १६ च्या रॉडला १८ चं, १२५ खोल. हे आकडे काँक्रीटमधले, वरची फरशी आणि लगदा त्यात धरायचा नाही. भोकाच्या तळापर्यंत नळी घालून फुंका, तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा फुंका, आणि धूळ येईनाशी होईपर्यंत हे चालू ठेवा. रसायन तळापासून भरत वर या, दोन तृतीयांश झालं की रॉड पिळत आत घाला. तोंडाशी थोडं बाहेर आलं पाहिजे. किती वेळ हात लावायचा नाही ते कार्ट्रिजवर तापमानानुसार दिलेलं असतं. श्रावणातली गारव्याची सकाळ आणि चैत्रातली दुपार यांत फार फरक पडतो.

ठोकून फुगणारे अँकर दगडाच्या कडेजवळ वापरू नका, ते आतून रेटतात आणि कड उडते.

जुने लोक शिसं ओतायचे. सिंधुदुर्गाच्या पायात दगड शिसं ओतून बसवल्याचं आपण सगळ्यांनी ऐकलंय. पद्धत पक्की होती, भोकात पाण्याला जागाच उरायची नाही. पण ओलसर भोकात वितळलेलं शिसं ओतलं की वाफ होऊन ते तोंडावर उडतं. आता दुसरी साधनं आहेत, त्या वाटेला जाऊ नका.

सील मारताना

प्लेट आणि ग्रॅनाइटमधल्या फटीत सिलिकॉन भरताना नळीचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते ब्राँझला चालत नाही, त्यातलं आम्ल तांब्याच्या धातूंना खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं मागा. आणि चारी बाजूंनी बंद करू नका. उताराच्या बाजूला बोटभर जागा मोकळी ठेवा. पाणी आत जाणारच, त्याला बाहेर यायला वाट ठेवली नाही तर आपण हौद बांधला असं समजा. चौथऱ्याच्या माथ्याला ५० ला १ एवढा उतार पुरतो.

घोड्यावरचा पुतळा

इथं उष्णतेचा हिशेब वाढतो. काळपट ब्राँझ उन्हात चांगलंच तापतं. मागच्या खुरापासून पुढच्या खुरापर्यंत अडीच मीटर अंतर असेल आणि रात्र-दुपारच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर ब्राँझ खालच्या दगडापेक्षा साधारण एक मिलिमीटर जास्त वाढतं. सगळे बोल्ट करकचून बांधले असतील तर तो मिलिमीटर रोज बोल्टाशी झगडतो आणि भोकं मोठी करतो. एका टोकाचे बोल्ट पक्के, दुसऱ्या टोकाला प्लेटचं भोक लांबट आणि मोठा वॉशर, एवढं केलं की भागतं.

घोडा मागच्या दोन पायांवर उभा असेल तर शेपटी हा तिसरा आधार असतो. ती नुसती टेकवलेली आहे की आतून स्टेनलेसच्या सांगाड्याला जोडून खाली अँकर केलेली, हे ओताऱ्याला विचारा. आतला सांगाडा साध्या लोखंडाचा निघाला तर चौथऱ्यावर काहीही केलं तरी उपयोग नाही.

घरातल्या, ऑफिसातल्या छोट्या मूर्ती

लाकडी पाटावर एकाच बोल्टावर बसवलेला अर्धपुतळा फिरतो, कारण एक बोल्ट फिरणं अडवत नाही. शेजारी एक आंधळी (आरपार न जाणारी) पिन द्या, काम झालं. मूर्ती बसल्या जागी डगडगत असेल तर तळाला निळा रंग मारून सपाट प्लेटवर घासा, उंच ठिपके दिसतील तेवढेच ग्राइंड करा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, तेव्हा लाकडातलं भोक बोल्टापेक्षा दोन मिलिमीटर मोठं आणि नायलॉनच्या इन्सर्टचा नट. देवळातल्या पालखीच्या उत्सवमूर्तीला चोरीची धास्ती असेल तर एकदा आवळला की डोकं तुटून पडणारा शिअर नट मिळतो, पण तो फक्त कायमच्या जागेसाठी, पालखीत नाही.

काम काढण्याआधी

चौकातल्या पुतळ्याला पंचायतीच्या किंवा महापालिकेच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका आणि पोलीस ठाण्याला कळवून ठेवा. काम दिवसा, गावातल्या चार माणसांसमोर. आपल्या भागात पुतळ्याभोवती रात्री कुणी पाना घेऊन फिरलं एवढी कुजबुजसुद्धा महाग पडते. नट सैल करण्याआधी पुतळ्याला क्रेनचा पट्टा लागलेला असला पाहिजे. पट्टा कापडी, साखळी नाही, आणि काखेखालून किंवा घोड्याच्या पोटाखालून. मानेत कधीच नाही.

वेळ निवडायची तर बेळगावची वैशाखातली शिवजयंती उरकली की मृगाआधी. हार घालायला चढलेली पोरं, पुतळ्याला टेकवलेल्या शिड्या, अभिषेकाचं दूध-पाणी, या सगळ्यांतून सांधा गेलेला असतो आणि काय ढिलं झालं ते तेव्हाच नेमकं कळतं. हार घालायची शिडी पुतळ्याला न टेकता उभी राहील अशी लोखंडी घोडी मंडळानं एकदाच करून घ्यावी. सत्तर किलोचा माणूस तलवारीच्या हाताला धरून लोंबकळला तर पावलाखालच्या सांध्यावर मोठा पीळ येतो.

काम झाल्यावर बोल्टांचं माप, ग्रेड, खोली आणि कापलेल्या चौथऱ्याचे फोटो मंडळाच्या वहीत चिकटवून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी बोटाची परीक्षा पुन्हा करा, आणि पाणी सोडायच्या जागेतून काय रंगाचं पाणी येतंय तेही बघा. स्वच्छ किंवा हिरवट आलं तर ठीक. तांबूस आलं तर आत कुठंतरी लोखंडाचा तुकडा राहिलाय, तो शोधा.